निर्मळ श्रोता मंडळाची पहिली सभा

निर्मळ श्रोता मंडळाचे सभासद पाच, आणि त्यातल्या तिघांना आपण सभासद आहोत याचा पत्ताच नव्हता.

मंडळ काढलं होतं पॉलिननं, सत्त्याहत्तर साली. पोलंडच्या एका रेडिओ स्टेशनवर संध्याकाळी इंग्रजी कार्यक्रम लागायचा. ते लोक श्रोता मंडळांना पत्रं पाठवत, रंगीत स्टिकर पाठवत, पण त्यांची अट अशी की मंडळात निदान पाच जण हवेत. आता निर्मळ गावात पाच जण कुठून आणायचे? इथली माणसं केळीला पाणी लावतात, फुलं तोडतात, सायकलला टोपल्या बांधून बाजाराला जातात. पोलंड ऐकायला कोण बसतो! पॉलिन आणि यशोदा या दोघी झाल्या. मग यशोदाच्या आईचं, सावित्रीचं, नाव घातलं. वडिलांचं, दिवाकरचं, घातलं. पाचवं काही सापडेना, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या फ्रेडरिकचं ठोकून दिलं. तो हवाई दलातून नुकताच सुटून गावी आला होता. त्याच्या नावापुढे ‘माजी वायुसैनिक’ लिहिल्यावर फॉर्मला कसं वजन आलं!

रोज संध्याकाळी दोघी यशोदाच्या वाडीतल्या पंपघरात बसायच्या. एरियलची तार नारळाला बांधलेली. खरखरीतून निवेदक बोलू लागला की पॉलिन अर्थ सांगायची, कारण ती दोन वर्षांनी मोठी आणि तिचं इंग्रजी फाडफाड. मग दोघी त्याच्या बोलण्याची नक्कल करून पोट दुखेपर्यंत हसायच्या.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये पॉलिन नर्सिंग शिकायला मुंबईला गेली. जाताना आपला ट्रान्झिस्टर यशोदाला देऊन गेली.

यशोदा त्या वर्षी दहावीत होती, आणि आपल्याला सगळं जमतं असं तिला एकाएकी वाटू लागलं होतं. वर्गात एकदा हात वर केला की तो खाली येतच नसे. वक्तृत्वात पहिली, खो-खोत कप्तान. इंग्रजीसुद्धा तिला आता अर्ध्याहून जास्त कळायचं. पण संध्याकाळी पंपघरात ती एकटीच निवेदकाची नक्कल करायची, आणि नक्कल संपली की नळाच्या तोंडातून पाणी ठिबकल्याचा तेवढा आवाज यायचा. ट्रान्झिस्टर बंद करून ती थोडा वेळ तशीच बसायची. हे कुणाला सांगायचं? आणि काय म्हणून सांगायचं?

ऑक्टोबरात स्टेशननं स्पर्धा जाहीर केली. पोलंडमध्ये बनलेलं ‘इस्क्रा’ नावाचं एक जेट विमान आहे, नव्या वैमानिकांना शिकवायचं. ते कोणकोणत्या देशांची हवाई दलं उडवतात? उत्तर मंडळानं सभा घेऊन ठरवायचं. प्रत्येक सभासदानं सभेत आपण काय म्हटलं त्याची एक ओळ स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करायची. जिंकेल त्या मंडळातल्या सगळ्यांची नावं रेडिओवर वाचणार.

सगळ्यांची नावं! यशोदा उठून उभीच राहिली. पॉलिनच्या हॉस्टेलात रेडिओ असेलच की. पॉलिन ऐकेल, ‘पॉलिन’ आणि ‘यशोदा’ एका दमात, थेट पोलंडहून! मग ती पत्र लिहील, सुट्टीत येईल, पुन्हा सगळं पहिल्यासारखं होईल. आता हे जिंकायचंच.

शाळेच्या ग्रंथालयातली जुनी मासिकं चाळून, वर्तमानपत्रांची कात्रणं जमवून तिनं अकरा देश काढले. पॉलिनला लांबलचक पत्र टाकलं. बारा दिवसांनी कार्ड आलं. ‘यशू, इथे मरायला वेळ नाही गं. माझ्या नावानं तूच काहीतरी लिही, तुला माझं अक्षर येतंच. रेडिओ अजून ऐकतेस? कमाल आहे तुझी.’

यशोदानं कार्ड तीनदा वाचलं. पहिल्या वेळी तिला आनंद झाला होता.

आई ओसरीवर सुकेळ्यांसाठी केळी सोलत होती. “माझे हात चिकानं भरलेत, तूच लिही ना. काय लिहायचं ते तुलाच ठाऊक.”

“अगं पण सभेत तू काय म्हणालीस?”

“म्हणाले, कार्टी अभ्यास सोडून रेडिओ ऐकते.”

बाबा सायकलच्या कॅरिअरला केळ्यांचा लोंगर बांधत होते. “मार माझी सही. बँकेत थोडीच द्यायचीय?”

झालं! यशोदानं आईची ओळ गोल अक्षरात लिहिली, बाबांची तिरक्या, पॉलिनची पॉलिनच्या. आपली आपल्या. फ्रेडरिकचीही लिहून टाकली असती, पण तो खरोखरचा हवाई दलातला. यादीवरून त्याची नजर फिरलेली बरी, असा तिनं विचार केला.

फ्रेडरिक एकटाच राहायचा. गावात त्याला शिष्ट म्हणत, कारण हाक मारली तरी तो ओ देत नसे. वर्षानुवर्षं विमानाच्या इंजिनांशेजारी काम करून त्याचे कान गेलेत, असंही लोकच म्हणत, पण म्हणून कुणी जवळ जाऊन हाक मारली, असं काही झालं नव्हतं.

तो ओट्यावर सायकलची साखळी रॉकेलमध्ये बुडवून घासत होता.

“फ्रेडीकाका!” मान वर नाही. “फ्रेडीकाकाऽऽ!”

कुंपणापलीकडून कार्मिनबाय ओरडल्या, “आग लागली काय गो?”

यशोदा त्याच्या पुढ्यातच जाऊन उभी राहिली. त्यानं वर पाहिलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. “दिवाकरची ना तू? काय गो बाय?”

“तुम्ही आमच्या श्रोता मंडळाचे सभासद आहात!”

“कसल्या मंडळाचा?”

“श्रोता! रेडिओ ऐकायचं मंडळ!”

तो हसला, मग हसायचा थांबला. “कधीपासून?”

“दोन वर्षं झाली!”

“दोन वर्षं? आणि एकदाही बोलावलं नाहीस?”

वक्तृत्वातली पहिली! यशोदानं नुसता कागद पुढे केला. त्यानं चष्मा लावला, देशांच्या यादीवरून बोट फिरवलं.

“इजिप्त, सीरिया, नायजेरिया, इंडोनेशिया… हे कुठून आणलंस? हे सगळे डेल्फिन उडवतात. ते वेगळं विमान, झेकांचं. रशियाच्या गोटात तेव्हा ठरत होतं, सगळ्यांनी मिळून शिकाऊंसाठी विमान कुठलं घ्यायचं. ठरलं डेल्फिन. पोलंड म्हणालं, आम्ही आमचंच उडवणार. आणि बसलं एकटंच, आपलं इस्क्रा घेऊन.”

“मग दुसऱ्या कुणीच नाही घेतलं?”

“आपण घेतलं ना, चार वर्षांपूर्वी. हैदराबादेजवळ आमच्या तळावर आली होती. माझ्या हाताखालून किती गेली, मोजलं नाही.” त्यानं दोन बोटं वर केली. “पोलंड आणि भारत. अख्ख्या जगात दोनच.”

“दोनच? इतकं सोपं?”

“सोपं? तुला कुठे आलं!”

यशोदाला हसू फुटलं. तिनं तिथल्या तिथे पोलंड आणि भारत सोडून बाकीचे नऊ देश खोडले आणि पेन त्याच्यापुढे धरलं. “आता तुमची ओळ लिहा. सभेत मी असं म्हणालो म्हणून.”

त्यानं पेन घेतलं नाही. कागद डोळ्यांजवळ धरून तो चारही ओळी वाचत राहिला.

“ही अक्षरं एकाच हाताची.”

“त्यांनी सांगितलं लिहायला! पॉलिननं तर कार्डावर लिहून दिलंय!”

“बघ बाय. विमान वर सोडायच्या आधी आमच्याकडे वहीत सह्या व्हायच्या. ज्यानं नट आवळला, त्यानंच सही करायची. शेजारी उभा होता त्यानं नाही, साहेबानं नाही. वैमानिक वही बघायचा आणि त्या सहीवर वर जायचा. एकोणीस वर्षं मी दुसऱ्याच्या कामावर सही केली नाही. झालेली नाही त्या सभेत मी काय म्हणालो, ते कसं लिहू?”

“पण काका, यात कुणी पडणार थोडंच आहे!”

त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. तो म्हणाला, “सभा घे. मी येतो. किती वाजता?”

साडेसहाला तो आला, तोही इस्त्रीचा शर्ट घालून! पंपघराच्या दारात वाकून आत शिरला आणि पॉलिन बसायची त्या पोत्यावर बसला. यशोदाला वाटलं, उठा म्हणावं. म्हटलं नाही. घसा दुखेपर्यंत ओरडून तिनं सभा चालवली. त्यानं इस्क्राबद्दल सांगितलं. मधल्या उंचीवर पंख, पुढे शिकाऊ, मागे शिक्षक, आणि सुरू होताना अशी किंचाळी की दातांत कळ यायची. मग त्यानं आपली ओळ लिहिली, वेळ घेऊन सही केली आणि कागद परत दिला. बाकीच्या ओळींबद्दल तो काहीच बोलला नाही.

तो गेल्यावर यशोदा कागद मांडीवर घेऊन बसली. पाच सह्या होत्या, उत्तर बरोबर होतं. पाकिटात घातलं की झालं. पॉलिनच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. अक्षर हुबेहूब होतं, म्हणूनच ते बघवेना. ‘मला वाटतं, यशूचं म्हणणं बरोबर आहे,’ असं पॉलिननं म्हटलं होतं. पॉलिननं कुठे म्हटलं होतं?

तिनं नवा कागद घेतला. वर उत्तर लिहिलं, खाली आपली ओळ, आपली सही. सकाळी शाळेत जाताना फ्रेडरिककडून त्याची ओळ पुन्हा लिहून घेतली. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा तिला रडू आलं, कारण दोघांच्या मंडळाचं नाव कुणी वाचणार नाही हे कळण्याइतकी ती हुशार होती.

तरी निकालाच्या संध्याकाळी तिनं तारेला दोन वेढे जास्त दिले. फ्रेडरिक आधीच येऊन बसला होता. महिनाभर तो रोजच येत होता. त्याला ऐकू काही यायचं नाही. तो यशोदाच्या तोंडाकडे बघत बसायचा.

निवेदकानं केनियातल्या कुठल्याशा मंडळाचं नाव घेतलं. मग पाच माणसांची नावं, सावकाश, एकेक. यशोदा पाचवं नाव संपेपर्यंत थांबली. न जाणो.

“आलं?” फ्रेडरिकनं विचारलं.

आलं म्हटलं असतं तर त्याला कळलंही नसतं. तिनं मान हलवली. “नाही!”

“हं.” तो पोत्यावर जरा पुढे सरकला. “आता काय चाललंय?”

“खाणकामगारांबद्दल बोलतोय!”

“काय बोलतोय?”

ऐकायचं की सांगायचं, एका वेळी एकच व्हायचं. यशोदानं पुढे वाकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायला सुरुवात केली की ते लोक जमिनीखाली मिठाच्या खाणीत मिठातच देऊळ कोरतात, अख्खं, दिव्यांसकट. तो म्हणाला, खोटं, मिठात कसं कोरतील. ती म्हणाली, नाही, खरंच, रेडिओवाल्यानं स्वतः सांगितलं. आणि तेवढ्यात निवेदकानं पुढे काय सांगितलं, ते तिच्या कानावर पडलंच नाही.