कुंपणालगतची तीन फुलं

लोडेवाइक नावाचा गृहस्थ अॅमस्टरडॅमहून आमच्या शेजारी राहायला आला, तेव्हापासून माझी फुकट करमणूक चालू आहे. पहिल्याच शरदात त्याने ट्युलिपचे कंद लावले, तेही गुडघ्यांखाली उशी ठेवून, फूटपट्टीने अंतर मोजून, आणि निम्मे उलटे. वसंतात फुलं गळली न गळली तोच स्वारी कात्री घेऊन हिरवी पानं कापायला निघाली.

"अहो, पिवळी पडू द्या ती पानं! कंदांना उपाशी मारताय का?" असं मी कुंपणावरून ओरडले नसते, तर या वर्षी त्याच्या बागेत नुसतं गवत दिसलं असतं.

मी ओरडणारच. एकतीस वर्षं मी कंदवाल्यांच्या शेतांत रोगट झाडं हुडकायचं काम केलं. ऊन पाठीवर घ्यायचं, छत्रीची सावली पानांवर धरायची आणि ओळीओळीने चालत राहायचं. पानावर फिकट रेघ दिसली की झाड मातीसकट उपटून बादलीत. आफकेच्या, म्हणजे माझ्या, नजरेतून काही सुटत नाही, असं मालक म्हणायचे. मला त्याचा माज होता, उगाच लपवू कशाला?

या एप्रिलात एका सकाळी लोडेवाइकने मला हाक मारली. "शेजारीणबाई, या या, चमत्कार बघा!"

कुंपणालगतच्या त्याच्या तीन लाल ट्युलिपांवर पांढरे पट्टे उमटले होते.

"चमत्कार कसला डोंबलाचा? रोग आहे तो," मी म्हटलं. "मावा एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसतो आणि रोग पसरवतो. आजच्या आज उपटा."

"इतकी देखणी फुलं? अहो, जरा दया करा."

"दया? पलीकडे माझ्या कोबसचा वाफा आहे, विसरलात वाटतं!"

कोबस माझा नवरा. त्याने बियांपासून एक पांढरं ट्युलिप वाढवलं होतं. फुलासाठी सात वर्षं वाट पाहिली आणि पहिलं फूल आलं त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तो गेला. त्या जातीचे चाळीस कंद माझ्या बागेत होते, जगात दुसरीकडे एकही नव्हता. ते या बावळटाच्या हौसेपायी जाणार, या विचाराने माझं डोकं फिरलं होतं.

"कुठून उचललेत हे भिकार कंद?"

"चांगल्या दुकानातले आहेत हो. गेल्या वर्षी सगळी लालच होती. या वर्षी ही तीनच बदलली, तुमच्या कुंपणाजवळची. बाकीची साठ आहेत तशीच आहेत."

मी त्या तीन फुलांवरून कुंपणापलीकडे माझ्या वाफ्याकडे पाहिलं. रोग एका वसंतात लागतो आणि पट्टे पुढच्या वसंतात दिसतात. गेल्या वर्षी फुलं लाल होती, म्हणजे दुकानाचा दोष नव्हता. रोग कुंपणाच्या माझ्या बाजूने आला होता.

घरी जाऊन मी छत्री काढली. पांढऱ्या फुलावर हे पट्टे कधीच दिसत नाहीत, रोग ओळखायचा तो पानावरूनच. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या पोरीकडून मी हे घोकून घेतलं होतं. पण कोबसच्या वाफ्यात मी छत्री घेऊन एकदाही गेले नव्हते. तिथे मी कॉफीचा कप घेऊन बसायचे, फुलांकडे बघत. दुसऱ्याच्या शेतात घार आणि स्वतःच्या अंगणात आंधळी!

प्रत्येक पानावर रेघ होती. मी दोनदा पाहिलं, चाळीसच्या चाळीस.

फावडं आणलं. दुपारपर्यंत सगळे कंद मातीसकट बादल्यांत गेले. मधे एकदा खाली बसून मी रडलेही.

तेवढ्यात लोडेवाइक फाटकातून आत आला. हातात बादली, तिच्यात ती तीन ट्युलिपं. त्याने माझा उघडा वाफा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"शेजारीणबाई, कोबसची फुलं... माझ्यामुळे गेली हो. मला माफ करा."

त्याचे डोळे भरून आले होते. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

"असू दे," मी म्हटलं. "पुढच्या वेळी कंद घेताना मला विचारत जा."