ऐनवेळचा विषय

नियम मंजूर झाला की ख्रिस्ती देवळाच्या भिंती वीतभर आत सरकत. पहिला नियम मंडळीच्या नावाचा. त्यात बाकांची शेवटची ओळ गेली. जुन्या मंडळीतून फुटून नवी अँग्लिकन मंडळी काढायची तर घटना हवीच, आणि घटना म्हटलं की एवढं व्हायचंच, असं सगळे धरून चालले होते.

"जरा ऊब येते," पाळकसाहेब उजगरे म्हणाले. "लिहा, ओहोळ."

शांतवन ओहोळ चिटणीस. चिटणिसाने लिहायचं, मत द्यायचं नाही, हा दुसरा नियम. बिचाऱ्याने तोही सुवाच्य अक्षरात लिहिला.

तिसरा नियम: बाप्तिस्म्याच्या वहीत नाव असेल तोच सभासद. हा मंजूर झाला आणि बाकावर बसलेली ओहोळांची बायको, सगुणाबाई, बाहेर पायरीवर दिसली. उठताना तिला कुणी पाहिलं नाही. तिचा बाप्तिस्मा प्रवरेच्या पाण्यात, एका फिरत्या उपदेशकाच्या हातून झालेला. त्याच्याकडे विश्वास रगड होता, वही नव्हती.

चौथा नियम: कबरस्थान फक्त सभासदांना.

"अहो, माझा विषय काढा ना," ती दारातून म्हणाली. "मला आपल्या लेकीशेजारी, रूथशेजारी निजायचंय. दुसरं काय मागतेय?"

"काढतो गं. घरचं आधी काढलं तर लोक काय म्हणतील? ऐनवेळच्या विषयांत घातलंय."

"भीड ही भिकेची बहीण," ती म्हणाली.

मग मेणबत्त्या किती, बिशपची खुर्ची कुठे, झग्याचा रंग कोणता. वकील साळवेबाई सूचना मांडत, मानवेलकाका अनुमोदन देत. चौदाव्या नियमाला दाराची खिडकी झाली. विसाव्याला गुडघ्याला गुडघे लागले. एकतिसाव्याला सगळ्यांचे खांदे भिंतीत रुतले आणि ओहोळ वही छातीला लावून लिहू लागले. दार आता हातभर उंच फट होतं.

"ऐनवेळचे विषय," पाळकसाहेब म्हणाले.

ओहोळांनी वाचलं, "वहीत नाव नसलं तरी बाप्तिस्मा खरा धरावा."

"अगदी रास्त. आधी का नाही बोललात? मत हात वर करून, नियम सहावा. ठरावाच्या बाजूचे असाल त्यांनी हात वर करा."

हात उचलायच्या जोराने मानवेलकाकांचा चेहरा लाल झाला.

"वर होत नाही हो!" साळवेबाई रडवेल्या झाल्या. "माझी फार इच्छा आहे, पण होतच नाही!"

तेवढ्यात फटीतून एक हात आत आला आणि ताठ वर झाला. मनगटात दोन हिरव्या बांगड्या. ओहोळांना रडू फुटलं.

"एक झाला वाटतं," पाळकसाहेब म्हणाले. त्यांना मान वळवता येत नव्हती. "कुणाचा, ओहोळ? सभासदाचाच ना?"

ओहोळांनी पेन कागदावर टेकवलं. शाईचा डाग पसरत गेला, आणि हात काही खाली येत नव्हता.