खडकातली पिंड

आमच्या गणोजीभियाचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ. धरणाचं पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत वर आलं, धरमपुरीजवळचं आमचं गाव गुरं-भांडी घेऊन टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडांत गेलं, पण हा महादेवाच्या देवळात ठाण मांडून बसला. पाच पिढ्यांची पूजा, आणि पिंड खडकातच कोरलेली. ती कशी हलणार?

"देव इथं, तर मीबी इथंच. पानी आएगा तो आने दो," म्हणायचा.

श्रावणातल्या नवमीला पाणी नंदीच्या गुडघ्याला लागलं. त्याची बायको जमुनाबाई रडत हन्नाबाईकडे धावली. हन्नाबाईचं गावातलं एकुलतं यहुदी घर. सासरे धार संस्थानात नोकरीला आले आणि इथंच रुजले. त्या दिवशी म्हातारी अनवाणी, भुईवर बसलेली. आठ दिवस मांस नाही, नुसतं वालाचं बिरडं, आणि आज पाण्याचा थेंबही नाही. यरुशलेमचं त्यांचं मंदिर त्यांच्या पंचांगात याच तिथीला पडलं, त्याचा हा शोक. आधी बाबेलच्या राजानं जाळलं. पुन्हा बांधलं, तेही याच तिथीला रोमी फौजेनं जाळलं. गणोजी दरसाल चिडवायचा, "रो-रो के मंदिर खडा होता है क्या, हन्नाबाई?"

तरी ती उठली. कोरड्या तोंडानं चिखल तुडवत देवळात गेली, मागोमाग मी.

"गणोजीभिया, आमचं मंदिर पेटलं तेव्हा जवान पुजाऱ्यांनी किल्ल्या आभाळाकडं फेकल्या, अन् आगीत उड्या घेतल्या."

"मर्द होते."

"होते. पण मी त्यांच्या पोटची नाही. जे मार खात, रडत चालत निघाले, त्यांच्या पोटची. तुम्ही बुडालात तर इथं महादेव होता हे सांगंल कोण? जमुनाला तर तुमचंच रडं पुरंल."

पाणी उंबऱ्यावरून आत आलं. गणोजीनं तेच ओंजळीत घेऊन पिंडीवर घातलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि बाहेर आला. मला त्याचा रागही आला होता, आणि रडूही. चार दिवसांनी कळसही दिसेना.

पुढच्या साली हन्नाबाईचा तो दिवस आला, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये गणोजीही भुईवर उपाशी बसला, किल्ली पुढ्यात ठेवून. दिवेलागणीला उपास सुटला, म्हातारी बिरडं घेऊन आली.

"हन्नाबाई, रो-रो के मंदिर खडा होता है क्या?" या वेळी तो खरंच विचारत होता.

"आमचं तर अजून नाही झालं," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक पळी बिरडं वाढलं.