सॉरीताई

कारखान्यात मला सॉरीताई म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं आमचं काम. कुणाच्याही हातून काच तडकली तरी आधी माझ्या तोंडून सॉरी निघतं. पंधरा वर्षं झाली, मला स्वतःलाच आता याचा कंटाळा आलाय.

सोमवारी बाईंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, आत बोलावलं. टेबलावर एक चष्मा आणि त्याची चिठ्ठी. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली होती. तो घालून गिऱ्हाईक जिन्यात धडपडलं होतं.

"कुणी केलं हे?"

"मी. माझंच चुकलं, बाई."

वर्षातली ही माझी तिसरी चूक. तीन झाल्या की मशीन काढून घेतात आणि पॅकिंगला बसवतात, हा आमच्याकडचा नियम. मशीन गेलं तर माझं काय उरतं? दिवसभरात तेवढ्या एका खुर्चीवर माझ्या पोटात गोळा नसतो.

बाईंनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली, मग हजेरीचं रजिस्टर उघडलं. "त्या दिवशी तू रजेवर होतीस."

"हो का?"

"आईला दवाखान्यात नेलं होतंस. मीच सही केलीय."

"मग आदल्या दिवशी माझ्याकडून काहीतरी राहिलं असेल."

बाईंनी रजिस्टर मिटलं. "आणि आधीच्या दोन? त्या तरी तुझ्या होत्या का?"

मी खूप आठवून पाहिलं. खरं सांगते, मला माहीत नव्हतं.

आमचे वडील घरात शिरले की बाईंसारखंच विचारायचे, कुणी केलं हे? नळ ठिबकत असो, नाहीतर रेडिओ खरखरत असो. कुणीच बोललं नाही तर तिघा भावंडांना पट्टा, आणि मध्ये पडली म्हणून आईलाही. कुणी पटकन 'मी' म्हटलं तर एकट्यावरच निभावायचं. मी थोरली. मला हे सातव्या वर्षी उमगलं. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण माझ्या तोंडाला ते अजून कुणी कळवलेलं नाही. मध्ये पोटाच्या दुखण्यासाठी गेले, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी घरी काही त्रास होता का? म्हटलं, छे हो, माझंच चुकायचं. त्यांचं लिहिणं थांबलं.

"चिठ्ठीच्या मागे लिहून दे," बाई म्हणाल्या. "ही चूक माझी नाही, एवढंच."

चार शब्द लिहायला मला घाम फुटला. कारण रजेच्या दिवशी माझ्या मशीनवर मामा बसले होते. मामा आमच्यातले सगळ्यांत जुने कारागीर, सगळ्यांचेच मामा. माझी नाही म्हणजे त्यांची. तरी लिहिलं, आणि अक्षर वाईट आलं म्हणून सॉरी म्हटलं.

बाईंनी मामांना हाक मारली. मी दाराबाहेर थांबले. आवाज चढला की आत घुसायचं आणि मीच केलं म्हणून सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

"मामा, हे तुमच्या हातचं का?"

"बघू. हो, माझंच. चष्मा घरी विसरलो होतो त्या दिवशी."

"चष्मे करणारा माणूस चष्मा विसरतो?"

"वय झालं, बाई."

"आजच नवीन करून द्या. गिऱ्हाइकाची माफी मी मागते. आणि चष्मा नसेल तर मशीनला हात लावायचा नाही."

"बरं."

मी वाट बघत राहिले. पुढे काहीच झालं नाही. मामा बाहेर आले, म्हणाले, "ताई, अर्धा तास तुझी खुर्ची दे गं," आणि गेले.

एवढंच? चुकल्यावर एवढंच होतं? मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. वाईट वाटलं त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या पुढे उभी राहत आले होते, आणि इथे कुणी मारतच नव्हतं.

तोंड धुऊन बाहेर आले. मामा माझ्या खुर्चीवर बसून काच घासत होते, आणि मान वर न करता चहा सांगत होते, साखर जरा जास्त घाला म्हणून. चूक केलेला माणूस चहा मागू शकतो, हे मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.