पडदेवाल्या बाईंचं जड स्टिअरिंग

बाईंच्या गाडीचं स्टिअरिंग अधूनमधून जड व्हायचं, आणि जड व्हायचं ते फक्त बाईंच्याच हातात. दुसरं कुणी बसलं की ते सुतासारखं सरळ. सगळी पंचाईत इथेच होती.

बाई पडदे शिवायच्या. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायच्या, भिंतीत भोकं पाडून दांडे बसवायच्या आणि शेवटची चुणी हाताने सारखी केल्याशिवाय शिडीवरून उतरायच्या नाहीत. ती शिडी, ड्रिल, दांडे, कापडाचे गठ्ठे असा सगळा संसार जिच्यात मावायचा, ती जुनी लांबडी गाडी नवऱ्यामागे त्यांच्याकडे राहिली होती. नवरा होता ताडमाड. बाई टाचा उंचावून त्याच्या खांद्याला लागायच्या. पण गाडी चालवायला उंची लागते असं कुठल्या शहाण्याने सांगितलंय? सीट पुढे ओढायची, खटका दाबून स्टिअरिंगचं चाक खाली घ्यायचं, की झालं.

गाडी थोडा वेळ चालून तापली की वळणावर चाक मध्येच अडायचं. पलीकडून कुणी हात धरावा तसं. जोर लावला की सुटायचं, आणि पुढे पुन्हा धरायचं. एकदा स्वतःच्याच फाटकातून आत वळताना ते असं धरलं की गाडीचा गाल खांबाला घासला. खांबाचं काही गेलं नाही. गाडीचा पत्रा गेला, आणि बाईंच्या शब्दाची किंमतही गेली.

चिरंजीव धावत बाहेर आले. चाळिशी ओलांडलेला मुलगा, ऑफिसात दहा माणसं हाताखाली. घरी आला तरी ती दहा माणसं डोक्यातून उतरत नसत. त्याने गाडीत बसून गल्लीला एक फेरी मारली.

"लोण्यासारखं फिरतंय, आई."

"तुझ्या हातात फिरतंय. माझ्या हातात अडतं."

"म्हणजे गाडी माणूस बघून अडते?" तो हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

त्या हसण्याने बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या तशाच उठल्या आणि गाडी घेऊन गॅरेजात गेल्या. गॅरेजवाल्याने पट्टा बदलला, तेल भरलं, टायरांतली हवा तपासली, फेरी मारली आणि म्हणाला, "काकू, गाडी एकदम ठणठणीत." पुढच्याच कामाला जाताना चाक पुन्हा अडलं. पुन्हा गॅरेज, पुन्हा फेरी, पुन्हा ठणठणीत. प्रत्येक वेळी परत आलेल्या गाडीत सीट मागे ढकललेली आणि चाक वर चढवलेलं असायचं. सगळं पुन्हा आपल्या मापाचं करता करता बाई दात-ओठ खायच्या. पुरुषाला दुसऱ्याच्या गाडीत बसवलं की आधी तो आपली जागा करून घेतो, मग काय बिघडलंय ते विचारतो.

गाडीत काही सापडत नाही म्हटल्यावर दोष बाईंमध्ये शोधायचं ठरलं. मुलाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने मनगटं दाबून वय विचारलं, आणि वय ऐकून मान हलवली. सूनबाईंनी मऊ रबरी चेंडू आणला. रोज सकाळी दाबायचा म्हणे. आणि बाईंनी तो दाबला! पहाटे उठून, कुणी बघू नये म्हणून दार लावून दाबला. चारचौघे एकच गोष्ट सांगायला लागले की माणसाला स्वतःचा हातही परका वाटतो.

मग मुलाने किल्ली काढून घेतली. तेही एकवेळ चाललं असतं. पण एक दिवस बाईंच्या जुन्या गिऱ्हाईक, एका शाळेच्या मुख्याध्यापिका, रस्त्यात भेटल्या आणि हळहळून म्हणाल्या, "हात गेले म्हणे तुमचे? मुलाचा फोन आला होता. सभागृहाचे पडदे मग आम्ही दुसरीकडे शिवायला टाकायचं म्हणतोय."

बाई घरी आल्या त्या चपलाही न काढता मुलापुढे उभ्या राहिल्या.

"कुणाकुणाला फोन केलेस?"

"आई, तुझ्याच भल्यासाठी..."

"माझं भलं करायला मी मेले नाही अजून. किल्ली दे."

बरीच वादावादी झाली. अखेर ठरलं असं, की गाडी शेवटची एकदा दाखवायची. काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन जाईल. ते गिऱ्हाईकही चिरंजीवांनी आधीच बघून ठेवलं होतं. आईवरचा विश्वास असा!

गॅरेजवाला मुलाला शेजारी बसवून लांबची फेरी मारून आला. बाई एका जुन्या टायरवर बसून होत्या. गाडी थांबली, आणि उतरायच्या आधीच मुलाने काचेतून मान हलवली.

"काही नाही, आई. झालं समाधान?"

बाई उठल्या. दोघे उतरल्यावर आपली मापाची टेप तरी काढून घ्यावी म्हणून त्या ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या. इंजिन चालूच होतं. पाय कुठे पोचत नव्हते, चाक नाकासमोर आलेलं. संतापून त्यांनी ते गर्रकन फिरवलं.

ते फिरलं. सहज, एका हाताने.

म्हणजे हे सगळे म्हणतात तेच खरं? आपणच मनाचे खेळ खेळत होतो? डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचा आणखी राग आला. सवयीने हात खटक्याकडे गेला. त्यांनी चाक खाली घेतलं, सीट पुढे ओढली आणि पुन्हा फिरवलं.

अडलं.

त्यांनी चाक वर केलं. फिरलं. खाली घेतलं. अडलं. वर, खाली, हलकं, जड. मग बाईंनी असा हॉर्न दाबला की गॅरेजातली सगळी माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली.

"इकडे ये! बस इथे!"

गॅरेजवाला आला. "जरा सीट मागे घेतो, काकू."

"हात लावायचा नाही! माझ्या जागेवर बसायचं, माझ्यासारखं!"

तो बिचारा अंग चोरून कसाबसा आत शिरला. गुडघे छातीला टेकले. त्याने चाक फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. पुन्हा फिरवलं. मग तो उतरला आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरला.

"क्रॉस धरलाय," आतून आवाज आला. स्टिअरिंगच्या दांड्याला खाली एक सांधा असतो, त्याला हे लोक क्रॉस म्हणतात. हा गंजला होता, ग्रीस सुकलं होतं. चाक वर असलं की दांडा जवळजवळ सरळ, सांधा निमूट फिरायचा. चाक खाली घेतलं की दांडा वाकायचा आणि सांधा अडकायचा; शेजारचा सायलेन्सरचा पाइप तापला की जास्तच.

"म्हणजे संधिवात गाडीला," बाई म्हणाल्या, "आणि चेंडू मी दाबतेय."

गॅरेजवाल्याने कान पकडले. "चुकलंच, काकू. गाडी घेतली की चाक वर करायचं, हाताला सवयच आहे."

"ज्या खिडकीला पडदा लावायचा तिचंच माप घ्यावं लागतं. शेजारच्या खिडकीचं घेऊन शिवला तर तू पैसे देशील मला? नवा क्रॉस टाक. तेल मारून भागवायचं नाही."

मुलगा पुढे येऊन म्हणाला, "पण आई, तू चाक खाली घेतेस हे आधी सांगायचंस तरी."



"मी बुटकी आहे हे तुला सांगायचं? जन्मल्यापासून बघतोयस ना मला? माझ्या हातात अडतं, माझ्या हातात अडतं, म्हणून ओरडत होते. एकदा तरी माझ्या जागेवर बसून बघितलंस?"



नवा क्रॉस बसेपर्यंत दुपार कलली. बाई गाडीत बसल्या, चाक खाली घेतलं, फिरवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुठे म्हणून अडलं नाही. अंगण वाकडं होतं ते सरळ झालं होतं. राग मात्र जागच्या जागी होता.

मुलगा दारापाशी आला. अपराधी तोंड करून म्हणाला, "सरक, मी चालवतो. दमली असशील." आणि हात आत घालून त्याने खटका धरला, चाक वर करायला.

बाईंनी त्याच्या हातावर फटका मारला. शाळकरी पोराला मारावा तसा, सगळ्यांदेखत.

"पलीकडून बस. आणि फोन काढ."

"फोन कशाला?"

"ज्यांना ज्यांना आईचे हात गेले म्हणून सांगितलंस, त्या सगळ्यांना लावायचा. स्पीकरवर. पहिला मुख्याध्यापिकांना."

गाडी गॅरेजच्या बाहेर पडली. मुलाने फोन लावला. पलीकडून आवाज आल्यावर त्याने घसा खाकरला.

"नमस्कार. ते आईचं... आईचे हात चांगले आहेत. गाडी खराब होती. ती दुरुस्त झाली."

बाईंनी समोरच्या वळणावर एका हाताने गाडी वळवली.

"आणि?" त्या म्हणाल्या.

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. फोनमध्ये मुख्याध्यापिका "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"आणि ती सांगत होती," तो म्हणाला, "मीच ऐकलं नाही."

"आता पुढचा लाव," बाई म्हणाल्या.