मधलं इटालियन

त्या गल्लीत इटालियन हॉटेलं तीन. कोपऱ्यावरचं पांढऱ्या छत्र्यांचं, बँकेच्या वरच्या मजल्यावरचं आणि त्या दोन्हींच्या मधलं, हिरव्या दाराचं. नणंदेने फोनवर फर्मावलं, "वहिनी, तुझं ऑफिस तिथेच आहे ना? मग तूच ठरव. रविवारी आईच्या पासष्टीचं जेवण."

वहिनी हो म्हणाली आणि अडकली. कारण ऑफिस बंद होऊन आठ महिने झाले होते. बारा वर्षं ज्याच्याकडे तिने इमारतींचे नकाशे काढले, त्या आर्किटेक्टने एका सकाळी टाळं लावलं. दुसरी नोकरी मिळेपर्यंत घरी सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. नोकरी काही मिळाली नाही. मिळालं ते हिरव्या दारामागच्या स्वयंपाकघरातलं काम, अंड्यात कणीक मळून पास्ता करण्याचं. काम तिला आवडायचं, हीच मोठी पंचाईत होती. नवरा मात्र चारचौघांत अजून "आमची ही आर्किटेक्टकडे असते" असं छाती फुगवून सांगायचा.

तिने छत्र्यांच्या हॉटेलाची तोंड भरून स्तुती केली. रविवारी दुपारी तिथे पोचल्यावर कळलं, तासभर थांबावं लागेल. बँकेवरच्या हॉटेलाला लिफ्ट नव्हती आणि सासूबाईंचे गुडघे जिना पाहूनच कुरकुरले.

"हे मधलं काय वाईट आहे?" नवरा म्हणाला.

तिथलं काही खरं नसतं, असं ती पुटपुटली. पण नणंदेने दार ढकललंसुद्धा.

ती स्वयंपाकघराकडे पाठ करून बसली. रोज तिच्याकडून चहा मागून घेणारा मिशीवाला वेटर आला, क्षणभर थबकला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, पहिल्यांदाच येताय का?" तिने होकारार्थी मान हलवली. तिचा जीव भांड्यात पडला खरा, पण भांडं काही स्थिर नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडलं की आतला ओळखीचा वास यायचा आणि तिचे खांदे आखडायचे.

नणंदेने रॅव्हिओली, म्हणजे पालकाचं सारण भरलेले पास्त्याचे चौकोनी कानवले, मागवले. ते आले तेव्हा निम्मे फुटलेले, सारण रश्श्यात तरंगत होतं. नणंद असलं सोडणाऱ्यातली नव्हती. तिने मालकाला बोलावलं आणि त्याला चांगलं पाच मिनिटं सुनावलं. मालकाने वहिनीला ओळखल्याचं दाखवलं नाही, वळून तो आत ओरडला. आतून आक्का आली. साठीची, पीठ लागलेल्या हातांची. पास्त्याच्या टेबलापाशी ती आणि वहिनी रोज समोरासमोर उभ्या राहायच्या. आक्काने एकदाच वहिनीकडे पाहिलं.

"असे कसे केलेत? डोळे आहेत की नाहीत?" मालकाने विचारलं.

"चुकलं," आक्का म्हणाली. "परत करून देते."

रविवारचे रॅव्हिओली शनिवारीच करून ठेवत. काल घरी लवकर पोचायचं म्हणून घाईत कडा नीट न दाबणारी आक्का नव्हती, वहिनी होती. तिला गप्प बसणं सहज जमलं असतं. आठ महिने जमलंच होतं. पण आक्काची मान खाली होती, आणि ते काही तिला गिळता येईना.

"ते मी केलेत," ती म्हणाली. "काल दुपारी. मी इथे कामाला आहे."

आक्का आत गेली, मालकही तिच्या मागे गेला. नणंदेने काटा खाली ठेवला. सासूबाईंनी किती दिवस झाले ते विचारलं आणि उत्तर ऐकून पाण्याचा ग्लास जवळ ओढला. नवऱ्याने बिल मागवलं.

घरी चपला काढताना नवरा म्हणाला, "झालं ते झालं. बाहेर कोणाला सांगू नकोस. मी तुझ्या नणंदेला सांगतो, तीही बोलणार नाही. कोणी विचारलं तर ऑफिसच म्हणायचं."

म्हणजे आता एकटीने नाही, सगळ्या घराने मिळून खोटं बोलायचं. ती दाराशी तशीच उभी राहिली. आतून सासूबाईंनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचंय तुला?"

"नऊ," ती म्हणाली.

नवरा तिच्या होकाराची वाट पाहत तिथेच उभा होता. तो तिने दिला नाही. नकारही तोंडातून निघाला नाही.