मेढ्याचा रेफरन्स

"तुमच्या रेफरन्सशी बोललो मी, शंभूराज सर. भरभरून बोलले," फोनवरचा नोकरी-एजंट दिग्विजय म्हणाला.

शंभूराजनं मांडीवर थाप मारली. पठ्ठ्या सापडला.

बायोडाट्यात त्यानं रेफरन्स म्हणून मेढ्याच्या जोतिबाचं नाव दिलं होतं. फौजेत बारा वर्षं शेजारच्या खाटेवर झोपलेला दोस्त. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, नंबरही तेव्हापासून बंद. शंभूराजनं तो मुद्दामच टाकला होता. फौज सोडली, सायबर सिक्युरिटीचा कोर्स केला आणि आठ महिने साताऱ्यात घरी बसून त्यानं नोकऱ्या लावून देणाऱ्यांचे नाना नमुने बघितले होते. माहिती घ्यायची, दहा ठिकाणी वाटायची, गायब व्हायचं. म्हणून हा सापळा. नंबर बंद लागला असं जो सांगेल तो खरा. 'बोललो' म्हणेल त्याला रामराम.

"आवं, मेलेल्या माणसाला कामाला लावताय, बरं दिसतं का?" त्याची बायको रेश्मा आधीच बोलली होती.

"जोत्या असता तर पोट धरून हसला असता," असं म्हणून त्यानं तिला उडवून लावलं होतं.

आता त्यानं लाडीगोडीनं विचारलं, "मग काय म्हणाला आमचा जोतिबा?"

"म्हणाले, गडी हुशार हाय, पर खोड्या लय." दिग्विजयची गुळगुळीत पुणेरी बोली मधेच मेढ्याकडं वळली. "आनि म्हणाले, त्येला मिठाचं इचारा."

शंभूराजचं हसू तोंडातच राहिलं.

एकदा त्यानं मेजरसाहेबांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. किटली जोत्याच्या हातात होती, म्हणून नाव त्याच्यावर आलं. त्याची सुट्टी रद्द झाली, पोरीचं बारसं बापाविना झालं. जोत्यानं तोंड उघडलं नाही. शंभूराजनंही नाही. हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. रेश्मालासुद्धा.

"बोलायचंय त्यांच्याशी? लाइनवरच आहेत," दिग्विजय म्हणाला. "लिंक पाठवलीय. ओके दाबा, बास. नोकरी सोमवारपासून पक्की."

अनोळखी लिंकवर बोट ठेवायचं नाही, हे कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. शंभूराजचं बोट काचेपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबलं. पलीकडं कुणीतरी खोकलं. सुपारी अडकल्यासारखं, दोनदा. जोत्या तसाच खोकायचा.

त्यानं फोन कापला.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं सांगलीला गेला. कुपवाडच्या रस्त्याला एका बारदानाच्या दुकानावर प्राचीची खोली होती. तीही नोकऱ्याच लावून द्यायची; तोच बायोडाटा त्यानं तिलाही धाडला होता. तिनं 'या' म्हटलं आणि फाईल मिटूनच ठेवली.

"आधी एक सांगा, दादा. जोतिबांचा नंबर बंद लागला, म्हणून मेढ्यात विचारत विचारत त्यांच्या घरचा नंबर मिळवला. त्यांच्या बायकोनं, मनुबाईंनी, फोन उचलला. लय रडल्या. गेलेल्या माणसाचं नाव का दिलं तुमी?"

"पारख करायची हुती."

"माझी? आणि मी तुमची करू नको? कंपनीच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्या हातात द्यायच्या, त्योच असा खोटेपणा करतोय. कुठल्या तोंडानं पाठवू तुमाला? फाईल बंदच करते मी."

शंभूराज खुर्चीच्या कडेला आला. मग त्यानं मिठाचं सगळं सांगितलं, अगदी बारशापर्यंत. 

"हे मनुबाईंना ठाऊक हाय?"

"न्हाई."

"आधी तिकडं जाऊन या. मग फाईल उघडू. दोन-तीन महिने लागतील. पर तुमाला विचारल्याबिगर तुमचा कागद कुठं जाणार न्हाई."

टेबलावर त्याचा फोन थरथरला. काचेवर नाव उमटलं: जोत्या.

प्राचीनं बघितलं. त्यानंही. त्यानं फोन पालथा घातला. वाजून वाजून तो आपसूक थांबला.

खालच्या टपरीवरून चहा आला, एकाच किटलीतला. प्राचीनं घोट घेतला. शंभूराजनं घेतला आणि जीभ टाळूला चिकटली. मिठाचा खडा विरघळवल्यासारखा खारट.

"साखर बरोबर हाय नव्हं?" प्राचीनं विचारलं. तिचा अर्धा पिऊनही झाला होता.

"बरोबर हाय, ताई," शंभूराज म्हणाला, आणि त्यानं कप तळापर्यंत संपवला.